असईच्या उतारापासून बॉइनच्या उतारापर्यंत



खताच्या मात्रा आणि फवारणीच्या वेळा सांगणारा माणूस आज परदेशातल्या किल्ल्याच्या गोष्टी काय घेऊन बसला, असे तुम्हाला वाटेल. त्याला कारण एक म्हातारबाबा आहेत. बरीच वर्षे झाली. जालना जिल्ह्यात नोकरीला असताना कापसावरची कीड बघायला असईच्या शिवारात गेलो होतो. काम झाल्यावर हे बाबा मला केळणा नदीच्या काठी घेऊन गेले. नांगराला अधूनमधून लोखंडी गोळे लागत, ते गोळे पोरे खेळायला नेत, असे त्यांनी वडिलांकडून ऐकले होते. मग नदीकडे हात करून म्हणाले, "साहेब, लढाईची गोष्ट तर समद्यांनाच ठावं हाय. पण तो गोरा नेमका कुठला व्हता हो? त्याला सोताचं गाव-शिवार काही व्हतं का नाही?"

मला उत्तर देता आले नाही. इंग्रज होता, एवढेच मी म्हणालो. पुढे वाचन करताना कळले की तेही अर्धवटच होते. असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा सेनापती आर्थर वेलस्ली हा जन्माने आयर्लंडचा. त्याच्या घराण्याचे शिवार होते मीथ परगण्यात, ट्रिम नावाच्या गावाजवळ. त्या गावात त्याच्या नावाचा खांब आजही उभा आहे. तिथे मी गेलेलो नाही. पण एका गावाचा इतिहास शोधू लागलो, तेव्हा एकेक करून इतक्या गोष्टी सापडत गेल्या की त्या तुमच्यापुढे ठेवल्याशिवाय राहवत नाही. त्यातल्या पुष्कळशा गोष्टी शेवटी जमिनीच्या आणि शेतीच्याच आहेत.

असईची हकीकत आधी थोडक्यात आठवू. तारीख २३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात उतरली होती. वेलस्लीला नदी ओलांडायची होती, आणि वाटाड्ये सांगत होते की पुढे उतार नाही. दुर्बिणीतून त्याला नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावे इतकी जवळ वसली आहेत, तर माणसांची, गुराढोरांची ये-जा असणारच, आणि ये-जा असेल तर पाण्याला उतार असणारच, असा त्याने अंदाज बांधला. तो खरा निघाला. फौज नदीपार झाली आणि लढाईचे पारडे फिरले. पण किंमतही जबर पडली. त्याच्या बाजूचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. त्यांत मद्रासकडचे देशी शिपाई मोठ्या संख्येने होते. आपल्याकडचेही फार पडले.

आता गंमत पाहा. ट्रिम गावाचे आयरिश भाषेतले मूळ नाव 'बॉल्या आहा ट्रिम' असे काहीसे उच्चारतात. त्याचा अर्थ 'एल्डरच्या झुडपांजवळच्या उताराचे गाव'. बॉइन नदीला तिथे पायउतार होता, काठाला पांढऱ्या फुलांची एल्डरची झुडपे होती, म्हणून हे नाव. नदीचा उतार म्हणजे काय असतो, हे तो पोरगा लहानपणापासून पाहतच वाढला असावा. हा माझा तर्क, इतिहासकारांचा नव्हे.

साडेसात एकरांचा किल्ला

ट्रिम हे डब्लिन या राजधानीपासून वायव्येला सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. वस्ती नऊ-साडेनऊ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढी. भोवतालची जमीन चुनखडीवरची, खोल आणि कसदार. पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून जात नाही. वर्षभर थोडाथोडा पडत राहतो, त्यामुळे गवत बारमाही हिरवे. मीथचा परगणा गुरे पोसण्यासाठी जुन्या काळापासून नावाजलेला. अशी जमीन असली की तिच्यावर नजरही पडतेच.

ती पडली ११७२ साली. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने ह्यू द लेसी नावाच्या नॉर्मन सरदाराला अख्खे मीथ बहाल केले. तिथे पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्या आणि राज्य करणाऱ्या लोकांना कोणी विचारले नाही, हे सांगायला नकोच. द लेसीने नदीकाठी लाकूड-मातीची गढी उभारली. पुढच्याच वर्षी आयरिश राजा रोरी ओकॉनर चालून आला. गढीवरच्या अधिकाऱ्याचा धीर सुटला, त्याने स्वतःच ती पेटवून दिली आणि पळ काढला. मग मात्र दगडी बांधकाम सुरू झाले. ते टप्प्याटप्प्याने तीसेक वर्षे चालले.

आयर्लंडमधला हा सर्वांत मोठा नॉर्मन किल्ला. तटाच्या आतले क्षेत्र सुमारे तीन हेक्टर, म्हणजे साडेसात एकर. मधोमध मुख्य बालेकिल्ला आहे. त्याचा आकार मोठा चमत्कारिक. चौकोनी इमारतीच्या चारही अंगांना एकेक चौकोनी बुरूज जोडलेला, त्यामुळे वरून पाहिले तर अधिक चिन्हासारखा दिसतो. कोपरे मोजले तर भिंतीला वीस बाजू भरतात. भिंती दहा-अकरा फूट जाड. दिसायला देखणा, पण लढाईच्या दृष्टीने इतके कोपरे म्हणजे अडचणच. जितके कोपरे जास्त तितक्या पाहरेकऱ्याला न दिसणाऱ्या जागा जास्त. पुढे कोणी तसा बालेकिल्ला बांधण्याच्या भानगडीत फारसे पडले नाही.

हे बांधकाम नेमके कधीचे, ते कळले कसे, ही गोष्ट आपल्या कामाची आहे. भिंत बांधताना पराती बांधायला लाकडे भिंतीत रोवतात. काम झाले की बाहेरचा भाग कापून टाकतात, आतला तुकडा तसाच राहतो. आठशे वर्षांनी तज्ज्ञांनी हे ओकच्या लाकडाचे तुकडे काढून त्यांची वर्षवलये मोजली. झाड दर वर्षी एक वलय वाढवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. चांगल्या वर्षी वलय रुंद, दुष्काळी वर्षी अरुंद. या रुंद-अरुंदाची रांग एका प्रदेशातल्या सगळ्या झाडांत सारखीच असते. ती जुन्या लाकडांशी जुळवली की हे झाड कोणत्या साली तोडले ते सांगता येते. त्यावरून समजले की पहिले काम ११७५ च्या सुमाराचे, आणि नंतर मजले चढत गेले. पावसाची नोंद कागदावर नसली तरी झाडाने ठेवलेली असते.

द लेसीचा शेवट मात्र किल्ल्यात झाला नाही. ११८६ साली तो डरो या गावी आणखी एक गढी बांधून घेत होता. जागा होती तिथल्या लोकांच्या जुन्या पूज्य मठाची. काम पाहायला तो वाकला असताना एका आयरिश तरुणाने अंगरख्याखाली लपवलेली कुऱ्हाड काढली आणि एका घावात त्याचे डोके उडवले. पुढची कथा आणखी अजब आहे. धडावर आणि डोक्यावर दोन वेगवेगळ्या मठांनी हक्क सांगितला. धड ट्रिमजवळच्या बेक्टिव्ह मठात पुरले, डोके डब्लिनच्या मठात. दोघांचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि १२०५ साली निकाल लागून धड डब्लिनला गेले. मोठ्या माणसाची समाधी आपल्याकडे असली की तिच्याबरोबर दान आणि जमिनी येतात, हे त्या मठांना चांगले कळत होते.

बेक्टिव्हचा मठ ट्रिम आणि नॅव्हन यांच्या मधोमध, बॉइनच्याच काठी आहे. ११४७ मध्ये मीथच्या आयरिश राजाने तो सिस्टरशियन पंथाच्या साधूंना बांधून दिला. हे साधू स्वतः शेती करीत, निदान तसा त्यांचा नियम होता. अलीकडे २००९ पासून काही वर्षे तिथे खोदकाम झाले, तेव्हा मठाच्या बागेच्या आणि कोठाराच्या खुणा हाती लागल्या.

पुन्हा किल्ल्याकडे येऊ. १९७१ साली बालेकिल्ल्याच्या बाजूला उत्खनन चालू असताना दहा सांगाडे मिळाले. एकालाही डोके नाही. इतिहासकारांनी जुने कागद चाळले, तेव्हा १४६५ चा एक कायदा समोर आला. चोरी करताना, चोरीला जाताना किंवा चोरी करून येताना जो सापडेल, त्याचे मुंडके छाटावे आणि ते भाल्यावर लावून ठेवावे, असा तो हुकूम. चोरीला जाताना म्हणजे काय, हे कोण ठरवणार? ज्याच्या हातात तलवार तो. ते दहाजण खरेच चोर होते की नाही, याचा पुरावा आता कुठून मिळणार?

किल्ल्याची मालकी नंतर बदलत गेली. एके काळी तो वेलस्ली घराण्याकडेच होता, आर्थरने तो विकून टाकला. पुढे कर्जबाजारी जमीनदारांच्या इस्टेटी विकण्यासाठी निघालेल्या न्यायालयामार्फत तो डनसेनी घराण्याकडे गेला. विसाव्या शतकात त्याची दशा काय झाली असेल? आतल्या मोकळ्या रानाचा काही भाग गावच्या नगरपरिषदेने भाड्याने घेतला, आणि तिथे गावाचा कचरा टाकला जाऊ लागला. आठशे वर्षांचा किल्ला गावचा उकिरडा झाला! हे वाचताना मला आपल्याकडच्या कितीतरी बारवा आठवल्या. बरीच बोलणी होऊन १९९३ मध्ये डनसेनींनी किल्ला सरकारला विकला. नदीवरची वाट आणि मासेमारीचा हक्क मात्र स्वतःकडे ठेवला. दुसऱ्याच वर्षी तिथे 'ब्रेव्हहार्ट' या इंग्रजी चित्रपटाचे चित्रीकरण झाले. डागडुजी करून २००० साली किल्ला लोकांसाठी खुला झाला.

तेव्हापासून गावात पाहुणे येऊ लागले, आणि त्याबरोबर नवे भांडणही आले. किल्ल्यासमोर रस्त्याच्या पलीकडे पाच मजली हॉटेल बांधायला २००३ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. एक पक्ष म्हणे, किल्ल्याची शोभा गेली. दुसरा म्हणे, पाहुणे राहणार कुठे आणि गावातल्या पोरांना काम मिळणार कुठे? हॉटेल झाले. मला विचाराल तर किल्ल्यासमोर पाच मजले नको होते. पण मी त्या गावचा बेरोजगार तरुण नाही, हेही खरे.

मेंढीवेस आणि पिवळा मनोरा

किल्ल्यातून नदीपलीकडे पाहिले की एक उंच भग्न मनोरा दिसतो. उंची सव्वाशे फूट. सेंट मेरीच्या मठाचा हा घंटेचा मनोरा, १३६८ चा. संध्याकाळच्या उन्हात दगड पिवळा दिसतो म्हणून लोक त्याला पिवळा मनोरा म्हणतात. या मठात मेरीमातेची एक मूर्ती होती. तिच्या दर्शनाने दुखणी बरी होतात अशी श्रद्धा होती आणि लांबलांबून लोक नवस फेडायला येत. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजाने मठ मोडले, तेव्हा ती मूर्ती जाळून टाकली. मनोऱ्याची आज एकच बाजू जवळजवळ पूर्ण उंचीची उभी आहे. बाकीच्या तीन पडल्या.

जवळच गावाच्या जुन्या तटाची एक वेस शिल्लक आहे. एकूण पाच वेशी होत्या, त्यांतली ही एकच उरली. तिचे नाव मेंढीवेस. बाजाराच्या मेंढ्या या वेशीतून आत येत. आपल्याकडे आठवडी बाजारात जनावर नेताना पावती फाडतात, तसा तिथेही वेशीवर कर द्यावा लागे. वेशीपलीकडे आजही गवताळ रान आहे. नदीवरचा दगडी पूल सुमारे १३३० चा आणि त्यावरून अजून वाहतूक चालू आहे. इतकी वर्षे टिकलेल्या पुलाबद्दल जास्त काही लिहीत नाही, नाहीतर आपल्याकडच्या पुलांचा विषय निघेल.

मनोऱ्याच्या शेजारी टॅलबटचा वाडा आहे, १४१५ चा. पुढे तिथे शाळा भरत असे. १७१७ च्या सुमारास हा वाडा जोनाथन स्विफ्ट या लेखकाच्या एका मैत्रिणीने ६५ पौंडांना घेतला आणि नंतर स्विफ्टलाच २०० पौंडांना विकला. आपल्याकडच्या जमिनीच्या दलालांनाही इतका नफा मैत्रीत घ्यायचे धाडस होणार नाही. स्विफ्ट म्हणजे तोच, ज्याचा गलिव्हर बुटक्यांच्या देशात जातो. तुमच्या मुलांनी ती गोष्ट शाळेत वाचली असेल. मूळ पुस्तक १७२६ चे आणि ते मुळीच पोरखेळ नाही. त्यात राज्यकर्त्यांची खरडपट्टी आहे आणि पीक वाढवणाऱ्या माणसाला त्यांच्यापेक्षा मोठा मान दिलेला आहे. हा स्विफ्ट १७०० पासून ट्रिमच्या दक्षिणेला दोन मैलांवर लॅरकॉर या खेड्यात धर्मोपदेशक होता. तिथे त्याने विलोची झाडे आणि फळबाग लावली. त्याच्या प्रवचनाला माणसे अशी किती यावीत? पंधरा-वीस. कारण खेड्यातली जनता कॅथलिक आणि हा सरकारी पंथाचा. एकदा तर देवळात सेवकाशिवाय कोणीच नव्हते, तेव्हा त्याने त्या एकट्यालाच उद्देशून प्रार्थना सुरू केली, अशी गोष्ट सांगतात. १७२९ मध्ये त्याने आयर्लंडच्या उपाशी कुळांवर एक जळजळीत उपरोधिक लेख लिहिला, तो आजही वाचला जातो.

गावाच्या पूर्वेला मैलभरावर न्यूटाउन आहे. १२०६ साली स्थापन झालेल्या मोठ्या चर्चचे भग्नावशेष तिथे पसरलेले आहेत. तिथल्या एका थडग्याबद्दल सांगतो. त्यावर सर ल्यूक डिलन आणि त्यांची बायको जेन यांच्या दगडी मूर्ती आडव्या कोरल्या आहेत. काळ सोळाव्या शतकाच्या शेवटचा. नवराबायकोच्या मध्ये तलवार ठेवलेली आहे, म्हणून लोक त्याला संशयी जोडप्याचे थडगे म्हणू लागले. त्या दोघांमध्ये पावसाचे पाणी साचते. अंगावर चामखीळ असली की टाचणीने ती घासायची आणि टाचणी त्या दोघांच्या मध्ये ठेवून यायची. टाचणी गंजेल तशी चामखीळ जाते. तुम्ही हसाल, पण आपल्याकडे म्हसोबाला काय काय वाहतात ते आठवा. थडग्यावर टाचण्यांचा गंजलेला थर आहे.

करप्याची साल

आता त्या खांबाकडे जाण्याआधी मला एका रोगाबद्दल बोलले पाहिजे, कारण त्याच्याशिवाय या गावच्या जुन्या इमारती कळत नाहीत.

पुणे जिल्ह्यातल्या खेड-आंबेगावच्या बटाटा उत्पादकांना उशिरा येणारा करपा सांगायला नको. ढगाळ हवा, धुके, पानावर ओल, आणि दोन-चार दिवसांत हिरवेगार रान काळे. हाच तो रोग. १८४५ साली तो आयर्लंडमध्ये पोहोचला. तेव्हा गरीब कुळांचे जेवण म्हणजे बटाटा आणि जमले तर ताक. एका कुटुंबाला मिळणाऱ्या तुकडाभर जमिनीत पोट भरेल एवढे दुसरे कोणतेही पीक येत नव्हते. धान्य पिके, गुरे वाढत, पण ती खंड भरायला जात. त्यातून गरिबांच्या रानात बहुतेक एकच वाण, लम्पर नावाचा. उत्पन्नाला भारी, पण करप्यापुढे अगदी हतबल. उपाय कोणालाच ठाऊक नव्हता. बोर्डो मिश्रण निघाले ते १८८० नंतर. १८४६ ला पीक जवळजवळ साफ गेले. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. या काळात धान्य आणि जनावरे बंदरांतून बाहेर जातच होती.

ट्रिमलाही सरकारी अन्नछत्रगृह होते. अशी घरे तेव्हा सगळ्या आयर्लंडभर बांधली होती. आत शिरताना नवरा, बायको आणि मुले यांना वेगवेगळे केले जाई. पाव एकराहून जास्त जमीन ज्याच्याकडे आहे त्याला सरकारी मदत नाही, असा कायदा १८४७ मध्ये झाला. म्हणजे खायला हवे तर आधी जमीन सोडा. कितीकांनी सोडली. कुळे गेली, खंड थांबला, मग जमीनदारही कर्जात बुडाले, आणि त्यांच्या इस्टेटी विकायला १८४९ मध्ये ते न्यायालय निघाले, ज्याच्यातून किल्ला डनसेनींकडे आला. पुढे मोठी चळवळ होऊन १९०३ च्या कायद्याने कुळांना सरकारी कर्जावर जमिनी विकत घेता आल्या. हप्ते अडुसष्ट वर्षांवर फेडायचे! म्हणजे आजाने घेतलेली जमीन नातवाने फेडली.

एक जोड देतो. १९३५ मध्ये पश्चिमेच्या खडकाळ कोनेमारा भागातून २७ कुटुंबांना उचलून ट्रिमच्या वायव्येला राथ कार्न येथे वसवले. प्रत्येकाला घर, २२ एकरांच्या आसपास जमीन, थोडी अवजारे आणि डुकरे मिळाली. ती माणसे आयरिश बोलणारी, आणि आजूबाजूचा मुलूख इंग्रजी. त्यांनी भाषा सोडली नाही. १९६७ मध्ये त्या वस्तीला आयरिश भाषिक भाग म्हणून सरकारी मान्यता मिळाली. धरणाखालून उठून आलेल्या आपल्या गावांना या गोष्टीतले बरेच काही ओळखीचे वाटेल.

पाच हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी

ट्रिमवरून बॉइन नदी नॅव्हन, स्लेन करीत समुद्राकडे जाते. स्लेनच्या पुढे ती मोठे वळण घेते, त्या वळणात न्यूग्रेंज आहे. किल्ले, मठ सगळे मागे ठेवा. माझ्या दृष्टीने या मुलखातली सर्वांत थोर गोष्ट हीच.

इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमारास, म्हणजे इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडांच्याही आधी, इथल्या शेतकऱ्यांनी हे दगड-मातीचे टेकाड रचले. व्यास सुमारे २८० फूट, जागा एकराहून जास्त. भोवती ९७ मोठ्या शिळांचे कडे. हे लोक गहू, बार्ली पेरीत, गुरे पाळीत. धातू त्यांना ठाऊक नव्हता. बैलगाडीही नव्हती. आत साठ-बासष्ट फुटांचा अरुंद बोळ आणि शेवटी एक खोली. खोलीचे छप्पर चुन्याशिवाय, एकावर एक चिरा पुढे सरकवत रचलेले. पाणी आत येऊ नये म्हणून वरच्या चिरांना बाहेरच्या अंगाला पन्हाळीसारख्या खाचा पाडल्या आहेत. पाच हजार वर्षांत ते छप्पर गळलेले नाही.

१६९९ मध्ये जमिनीच्या मालकाने रस्त्यासाठी इथले दगड काढायला मजूर लावले, तेव्हा बोळाचे तोंड उघडे पडले. खरी करामत मात्र १९६७ साली समजली. प्रवेशाच्या वर एक छोटी दगडी खिडकी आहे. ती कशासाठी, हा प्रश्न होता. उत्खनन करणारे प्राध्यापक ओकेली २१ डिसेंबरला पहाटे एकटेच आत जाऊन बसले. वर्षातला सर्वांत लहान दिवस. सूर्य उगवला, आणि किरण त्या खिडकीतून शिरून बोळातून सरळ आतल्या खोलीपर्यंत पोहोचला. सतराएक मिनिटे खोली उजळून निघाली, मग पुन्हा अंधार. दिवस मोठा व्हायला लागला, आता पेरणीकडे बघायला हरकत नाही, हे सांगणारे हे दगडी पंचांग. आता त्या दिवशी आत जाण्यासाठी सोडत काढतात, आणि नाव निघूनही ढग आले तर काहीच दिसत नाही.

दुसरी गोष्ट अगदी अलीकडची, २०१८ ची. त्या उन्हाळ्यात आयर्लंडला न भूतो असा पावसाचा खंड पडला. रान सुकले. न्यूग्रेंजजवळच्या एका शेतावरून ड्रोन उडवणाऱ्यांना खाली वाळत चाललेल्या पिकात हिरव्या ठिपक्यांचे भले मोठे वर्तुळ दिसले. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे लाकडी खांबांचे मोठे रिंगण होते. खांब कुजून गेले, खड्डे भरले, वर शतकानुशतके नांगर फिरला. पण त्या खड्ड्यांतली माती भुसभुशीत, सेंद्रिय अंश जास्त, ओल धरून ठेवणारी. म्हणून बाकी पीक माना टाकत असताना तेवढ्या जागी ते हिरवे राहिले. दुष्काळाने जमिनीखालचा नकाशा वर आणला. आपल्याकडे गावालगतच्या पांढरीच्या मातीत पीक जोमाने येते, त्याचे कारणही पूर्वीची वस्तीच आहे. अवर्षणात रानात सरळ रेघ किंवा गोल हिरवा दिसला तर एकदा थांबून बघा.

ट्रिमच्या पूर्वेला टाराची टेकडी आहे. आयर्लंडच्या राजांची गादी इथली, असे मानतात. १८४३ मध्ये १५ ऑगस्टलाच डॅनियल ओकॉनेल यांनी इथे इंग्लंडशी जोडणारा कायदा रद्द करा म्हणून प्रचंड सभा घेतली. लाखोंचा समुदाय होता. पुढे १८९९ पासून काही इंग्रज मंडळींनी ज्यूंची पवित्र पेटी इथे पुरली आहे अशा वेडापायी टेकडी खणायला घेतली. देशभर ओरड झाली, तेव्हा कुठे १९०२ मध्ये ते थांबले. पेटी निघाली नाही, पण एक जुने स्थळ मात्र विसकटले. गेल्या पिढीत टाराच्या खोऱ्यातून मोठा महामार्ग काढण्यावरून पुन्हा आंदोलन झाले. २००७ मध्ये नेमके रस्त्याच्या रेषेवर एक प्राचीन रिंगण सापडले. त्याची मोजमापे, नोंदी झाल्या आणि २०१० मध्ये त्यावरून रस्ता सुरू झाला. भूसंपादनाच्या नोटिसा घेऊन बसलेल्या माझ्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

तो खांब

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो. आर्थर वेलस्ली १७६९ साली जन्मला. घर ट्रिमच्या दक्षिणेला, डँगनच्या वाड्यात. काही काळ तो ट्रिमच्या शाळेत होता. पुढे १७९० ते १७९७ या काळात तो आयर्लंडच्या संसदेत ट्रिमचा प्रतिनिधी होता. ती जागा घराण्याचीच मानली जाई. भाऊ रिचर्ड हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला, आणि आर्थर इकडे फौजेत आलेलाच होता. ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला, सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात अकोल्याकडचे आडगाव, डिसेंबरात गाविलगड. त्याच साली दख्खनेत भयंकर दुष्काळ होता आणि फौजांनी उभी रानेही खाल्ली. पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, मग वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पराभव केला, आणि १८१७ मध्ये ट्रिममध्ये त्याचा खांब उभा राहिला, वर त्याचा पुतळा. १८२९ मध्ये पंतप्रधान असताना त्याने कॅथलिकांवरची संसदेची बंदी उठवणारा कायदा केला, तोही खूप ओढाताणीनंतर.

आयर्लंड १९२२ मध्ये स्वतंत्र झाला. डब्लिनमधला इंग्रज आरमाराच्या नेल्सनचा खांब १९६६ मध्ये सुरुंगाने उडवून दिला. ट्रिमचा वेलिंग्टन मात्र तसाच चौकात उभा आहे.

आणि त्याचे शिवार? डँगन त्याच्या थोरल्या भावानेच विकून टाकले होते. नव्या मालकाच्या ताब्यात असताना १८०९ मध्ये वाड्याला आग लागली. विम्याच्या पैशांसाठी लावली, अशी तेव्हा कुजबुज होती. आज तिथे छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत, भोवती गवताची राने आहेत, आणि ती दुसऱ्या शेतकऱ्यांची आहेत. बाबा आता नाहीत. असते तर एवढे तरी त्यांना सांगता आले असते.